सरकारी कामात चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शासकीय कार्यालयांत जनरेटिव्ह एआय कसं वापरावं आणि त्यावर नजर कशी ठेवावी, याची प्रशिक्षणं मी घेतो. सभागृहात "काही शंका?" असं विचारलं की सगळे जेवणाच्या दिशेनं बघतात. खऱ्या शंका संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि सुरुवात बहुधा "सर, माझं नाव येऊ देऊ नका" अशी असते. त्याच शंका इथे एका जागी मांडल्या आहेत. तुमच्या विभागाचं परिपत्रक असेल तर आधी ते वाचा, हे पान नंतर.

१. आमच्याकडे ई-ऑफिस आहे, ऑनलाइन सातबारा आहे. मग हे जनरेटिव्ह एआय त्याहून वेगळं काय?

ऑनलाइन सातबारा तुम्हाला साठवलेली नोंद काढून देतो. नोंद नसेल तर "माहिती उपलब्ध नाही" म्हणतो आणि गप्प बसतो. जनरेटिव्ह एआय गप्प बसत नाही. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द शोभतो हे त्याला कळलेलं असतं, आणि तो त्या अंदाजानं लिहीत जातो. शासन निर्णयाचा क्रमांक दिसतो कसा (विभाग, वर्ष, प्र.क्र., कार्यासन) हे त्याला पाठ आहे, म्हणून तो तसा क्रमांक तयार करतो. असा शासन निर्णय कधी निघाला होता का, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतोच.

आणखी एक गल्लत नेहमी होते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. ते प्रकरण जनरेटिव्ह एआयचं नव्हतं. तिथे अर्जांना जोखमीचे गुण देणारी प्रणाली होती. धडा मात्र दोन्हीकडे लागू पडतो : यंत्रानं सुचवलं आणि माणसानं विचारलं नाही.

२. मुळात वापरायला परवानगी आहे की बंदी?

दोन्ही बाजूंचे कागद निघालेले आहेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २९ जानेवारी २०२५ च्या पत्रानं आपल्या कर्मचाऱ्यांना कळवलं की कार्यालयीन संगणकांवर आणि उपकरणांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं वापरणं टाळा, शासकीय माहितीच्या गोपनीयतेला धोका आहे. दुसरीकडे केंद्रानं मार्च २०२४ मध्ये १०,००० कोटींहून मोठं इंडिया एआय मिशन मंजूर केलं, आणि महाराष्ट्रानं जून २०२५ मध्ये ५०० कोटींच्या तरतुदीसह शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण आणलं.

यात विसंगती वाटते, पण फारशी नाही. पहिल्या कागदाचा रोख कुणीही फुकट उघडून वापरावं अशा सार्वजनिक साधनांवर आहे. दुसऱ्या प्रकारात शासन करार करून, अटी घालून प्रणाली घेतं. तेव्हा "एआय चालतं का?" असं विचारून उपयोग नाही. कोणतं साधन, कोणत्या करारानं आणि त्यात कोणता कागद टाकणार, ही तीन उत्तरं हातात असल्याशिवाय हो किंवा नाही म्हणता येत नाही. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं एआय गव्हर्नन्सची (एआयच्या वापरावर नियंत्रण कसं ठेवायचं याची) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांची दिशा उपयुक्त आहे, पण टेबलावरच्या फाईलचं काय करायचं याचं उत्तर तिथे शोधू नका.

३. कार्यालयाच्या संगणकावर नको, पण माझ्याच मोबाइलवर, माझ्याच खात्यातून वापरलं तर?

मला सर्वाधिक आलेला प्रश्न हाच. मोबाइल तुमचा आहे, कागद तुमचा नाही. प्रस्तावाचा फोटो काढून स्वतःच्या खात्यात टाकला, तर शासनाचा कागद शासनाबाहेर गेला. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ प्रत्येक कागदाला लागू होतो असं नाही, पण महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेतच, आणि अनधिकृतपणे माहिती बाहेर देण्याबाबत ते स्पष्ट आहेत.

प्रमुखांसाठी एक गोष्ट सांगतो. कडक बंदीचा फलक लावला की वापर थांबत नाही, तो टेबलाखाली जातो. एका कार्यालयात मी हात वर करायला सांगितलं, तर एकही हात आला नाही. चिठ्ठ्या मागवल्या, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर "रोज" लिहिलेलं होतं. ज्या वापराची कबुलीच कुणी देत नाही त्यावर देखरेख कसली ठेवणार? आधी माणसांना निर्भयपणे सांगू द्या, मग नियम करा.

४. नाव आणि आधार क्रमांक खोडून मजकूर टाकला तर चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. मोठ्या शहरात नाव खोडलं की माणूस लपतो, गावात लपत नाही. "पती मयत, तीन मुली, गट क्रमांक अमुक, गेल्या श्रावणात विहीर खचली" एवढं वाचून पारावरचा कुणीही घर दाखवील. जात, आजार, कर्ज आणि कौटुंबिक वाद यांच्या बाबतीत तर जास्तच जपा.

त्याऐवजी प्रकरण टाकूच नका, सांगाडा टाका. "वारस नोंदीस हरकत आली असता सुनावणीच्या नोटिशीचा मसुदा कसा असावा?" असं विचारा आणि आलेल्या मसुद्यात नावं, गट क्रमांक, तारखा आपल्या हातानं भरा. काम तेवढंच होतं, बाहेर काही जात नाही.

५. मग बिनधास्त कशाला वापरू?

प्रसिद्ध झालेला शासन निर्णय सोप्या भाषेत समजून घ्यायला. एक्सेलचं सूत्र बनवायला. स्वतःच्या भाषणाचा आराखडा करायला, बैठकीच्या विषयपत्रिकेची मांडणी नीट करायला, लांबलेलं वाक्य तोडायला. जे उद्या कार्यालयाच्या सूचना फलकावर लावलं तरी तुमचा जीव खालीवर होणार नाही, ते टाकायला हरकत नाही.

६. एआयनं दिलेला शासन निर्णय खरा की बनावट, हे कसं ओळखायचं?

शासनाच्या संकेतस्थळावरच्या प्रत्येक शासन निर्णयाला संगणक संकेतांक असतो. निर्णयाच्या शेवटच्या परिच्छेदात तो छापलेला असतो आणि त्याची सुरुवात वर्षानं होते. तो संकेतांक टाकून मूळ पीडीएफ उघडा, डिजिटल स्वाक्षरी बघा आणि मग संदर्भ द्या. संकेतांक सापडत नसेल तर विभाग आणि तारीख टाकून शोधा. तरीही नाही सापडला, तर तो संदर्भ टिपणीतून काढा. "असेल कुठेतरी" म्हणून ठेवू नका.

बनावट क्रमांक पकडणं तुलनेनं सोपं असतं. खरा, पण अधिक्रमित झालेला शासन निर्णय पकडणं अवघड. क्रमांक बरोबर, तारीख बरोबर, मजकूर बरोबर, फक्त दोन वर्षांपूर्वी नवीन निर्णय आला आणि जुना रद्द झाला. जुना मजकूर इंटरनेटवर जास्त ठिकाणी पसरलेला असतो, म्हणून यंत्राला तोच जवळचा वाटतो. कार्यासनातल्या जुन्या सहायकाला विचारा. त्यांच्या कपाटातली निवडनस्ती (महत्त्वाच्या आदेशांच्या प्रतींची फाईल) या बाबतीत अजून कुठल्याही यंत्राला ऐकत नाही.

७. मुंबई उच्च न्यायालयानं आयकर खात्याचा आदेश रद्द केला, ते प्रकरण एआयचंच होतं ना?

हे नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर ते भलतंच फिरतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये केएमजी वायर्स या कंपनीच्या याचिकेवर निर्णय झाला. कंपनीनं उत्पन्न सुमारे ३ कोटी ९ लाख दाखवलं होतं, चेहराविरहित (अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता होणाऱ्या) करनिर्धारणात ते २७ कोटी ९१ लाख ठरवण्यात आलं. त्यासाठी आदेशात तीन न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता. कंपनीनं ते शोधले, पण ते अस्तित्वातच नव्हते.

न्यायालयानं आदेश रद्द करून प्रकरण नव्यानं सुनावणीसाठी परत पाठवलं. अधिकाऱ्यानं अमुक साधन वापरलं, असा निष्कर्ष न्यायालयानं काढलेला नाही. एआयच्या या काळात प्रणालीनं पुढे टाकलेल्या निकालांवर लोक विसंबून राहतात, पण अर्धन्यायिक काम (न्यायालय नसताना बाजू ऐकून आदेश देण्याचं काम) करताना त्यांवर आंधळेपणानं विसंबता येत नाही, आधी पडताळणी हवी, असं न्यायालय म्हणालं.

तहसीलदार, प्रांत, सहायक निबंधक, माहिती अधिकारातले अपिलीय अधिकारी : तुम्ही सगळे रोज अर्धन्यायिक आदेश लिहिता, तेव्हा हे तुम्हालाही लागू आहे. आणि त्या प्रकरणात खोटे निवाडे सापडले, कारण समोर वकील देऊ शकणारी कंपनी होती. रेशनकार्डाचा अर्ज फेटाळला गेलेल्या बाईंच्या बाजूनं निवाडा शोधत कोण बसणार?

८. चूक झाली तर जबाबदार कोण? मी, साहेब, की कंपनी?

ज्याची सही, त्याची जबाबदारी. "मसुदा एआयनं केला होता" हे कारण "मसुदा लिपिकानं केला होता" याहून जास्त वजनाचं नाही. कॅनडात फेब्रुवारी २०२४ मध्ये एका न्यायाधिकरणानं एअर कॅनडाला नुकसानभरपाई द्यायला लावली, कारण तिच्या चॅटबॉटनं प्रवाशाला शोकप्रसंगीच्या सवलतीची चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट म्हणजे जणू वेगळी संस्था, तिच्या बोलण्याला आम्ही बांधील नाही, हा युक्तिवाद टिकला नाही.

तरी माझं एक मत नोंदवतो. एका सहायकाकडे दिवसाला दोनशे मसुदे तपासायला देऊन वर त्याच्याच विरुद्ध कारवाई करणं हा न्याय नव्हे. तपासायला वेळ न देता प्रणाली लावणाऱ्याचं नावही चौकशीत यायला हवं. (कंत्राटदाराच्या चुकीसाठी प्रश्न १५ पाहा.)

९. "अधिकाऱ्यानं तपासलं आहे" असा शेरा मारला की पुरे ना?

नाही. सगळ्या देखरेखीची खरी कसोटी इथेच लागते.

तपासणी कशी होते ते मी एकदा शेजारी बसून पाहिलं. पडद्यावर तक्रार, तिच्याखाली यंत्रानं लिहिलेलं उत्तर, त्याच्याखाली हिरवं बटण. पहिली दहा उत्तरं त्या मॅडमनी मन लावून वाचली, दोन शब्द बदलले. विसाव्यानंतर डोळे फक्त पहिल्या ओळीवर. चाळिसाव्यानंतर बोट आधी बटणावर आणि नजर नंतर. तक्रार पाण्याच्या जादा बिलाची होती, उत्तर नवीन नळजोडणीचं होतं, तेही गेलं. मॅडम आळशी मुळीच नव्हत्या. सतत बरोबर दिसणारी गोष्ट तपासत राहणं माणसाला जमत नाही, एवढंच.

म्हणून कार्यालय प्रमुखानं "तपासता का?" असं विचारू नये. आकडे मागवावेत : महिन्यात किती मसुदे आले, किती बदलले, किती परत केले. परत केलेल्यांचा आकडा सलग शून्य येत असेल तर यंत्र उत्तम आहे असं समजू नका, वाचणं थांबलंय असं समजा. दुसरा उपाय जरा खट्याळ, पण गुणकारी आहे. महिन्यातून दोनदा मुद्दाम चुकीचा मसुदा रांगेत घुसवा आणि तो पकडला जातो का ते बघा, मात्र पकडला न गेल्यास तो बाहेर जाण्याआधी अडवण्याची सोय ठेवा. नाव जाहीर करून कुणाचा पाणउतारा करू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळेच सगळं परत पाठवतील.

१०. छोटं कार्यालय आहे. देखरेखीची सुरुवात कुठून करू?

वहीपासून. खरंच. कार्यविवरण नोंदवही ठेवता ना, तशीच एक. कोणतं साधन, कोण वापरतं, कोणत्या कामाला, त्यात कोणती माहिती जाते, बाहेर आलेलं कोण तपासतं, चुकलं तर नागरिकाचं काय नुकसान, आणि बंद करायचं झालं तर कोणाच्या आदेशानं. एका साधनाला एक ओळ.

मोठी सरकारंही हेच करतात, फक्त नाव मोठं असतं. अमेरिकेत केंद्रीय यंत्रणांना एआय वापराची यादी ठेवावी लागते. तिथल्या लेखापरीक्षण कार्यालयानं निवडक यंत्रणांच्या याद्या पाहिल्या, तर जनरेटिव्ह एआयचे वापर २०२३ मधल्या ३२ वरून २०२४ मध्ये २८२ झालेले होते. वाढ एका वर्षात नऊपट आहे हे कळलं, ते यादी होती म्हणून. ब्रिटननं २०२४ मध्ये केंद्रीय खात्यांना अशा नोंदी लोकांसाठी खुल्या करणं बंधनकारक केलं.

शेवटून दुसरा रकाना, म्हणजे नुकसानीचा, सर्वांत मोलाचा. कॅनडाच्या २०१९ च्या निर्देशात निर्णयांच्या परिणामाप्रमाणे चार पातळ्या केल्या आहेत आणि वरच्या दोन पातळ्यांवर अंतिम निर्णय माणसानंच घ्यायचा असतो. तुम्ही चार करू नका, दोन करा : चूक दुरुस्त करता येते ती कामं, आणि चुकीमुळे कुणाचं पेन्शन, जमीन, प्रवेश किंवा अटक ठरते ती. दुसऱ्या गटातली ओळ प्रमुखाच्या सहीशिवाय वहीत चढू नये.

११. फाईलवर एआय वापरल्याची नोंद करावी का? कोणत्या शब्दांत?

शुद्धलेखन किंवा मांडणी सुधारली असेल तर गरज नाही. पण सारांश, भाषांतर, कायद्याचा संदर्भ किंवा शिफारस यंत्रानं दिली असेल तर टिपणीत एक वाक्य घाला. मी सुचवतो ते असं :

"पृ. ३ ते ५ वरील सारांश एआय साधनाच्या साहाय्याने तयार केला असून तो पृ. ११ ते ४८ वरील मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिला आहे. परिच्छेद ४ मधील रक्कम मूळ कागदानुसार दुरुस्त केली आहे."

दुसरं वाक्य बघा. दुरुस्ती कुठे केली ते लिहिलं की तपासणी झाली याला पुरावा मिळतो. नुसतं "ताडून पाहिले" कुणीही लिहितं.

१२. माहिती अधिकारात कुणी आमचे प्रॉम्प्ट (एआयला लिहून दिलेले प्रश्न आणि सूचना) मागितले तर द्यायचे का?

माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २ मधली "माहिती"ची व्याख्या ऐसपैस आहे : ई-मेल, अभिप्राय, सल्ले, नोंदवह्या, इलेक्ट्रॉनिक स्वरूपातलं साहित्य. कार्यालयाच्या प्रणालीत प्रॉम्प्ट आणि उत्तर जतन होत असेल, तर ते अभिलेख आहेत असं धरूनच चाला, आणि अर्ज आला की कलम ८ चे अपवाद नेहमीसारखे तपासा. त्यात इतर नागरिकांची खासगी माहिती असेल तर ती वगळून द्या.

याहून महत्त्वाचं कलम ४(१)(घ). प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला कळवणं हे तुमचं कर्तव्य आहे. "प्रणालीनं अपात्र दाखवलं" हे कारण होत नाही. कोणत्या निकषात, कोणत्या कागदामुळे अपात्र, ते सांगता आलं पाहिजे. ज्या निर्णयाचं कारण तुम्हाला स्वतःला सांगता येत नाही त्यावर सही करू नका.

जन माहिती अधिकाऱ्यानं उत्तराचा मसुदा एआयकडून करून घेतला तर? सांगाडा चालेल (प्रश्न ४), संदर्भ तपासून (प्रश्न ६).

१३. मराठीत ही साधनं कितपत भरवशाची?

गप्पा मारायला छान. महसुली मराठीत शिरली की घसरतात. मी एकदा सातबारा इंग्रजीत करायला दिला. "कूळ" या शब्दाचं घराणं झालं. जमीन कसणारा माणूस गेला आणि त्याच्या जागी वंशावळ आली. "पोटखराबा"चं (लागवडीला अयोग्य जमिनीचं) काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा, त्या उत्तरात शेतकऱ्याच्या पोटाची विचारपूस होती. "फेरफार" (हक्क बदलल्याची नोंद) म्हणजे कुणीतरी नोंदीत केलेली लबाडी, आणि "बोजा" (जमिनीवरचं कर्ज) म्हणजे ओझं. वाचताना हसू येतं, पण बँकेच्या परदेशी शाखेत हाच कागद गेला तर हसू येणार नाही.

दुसरा दोष अधिक छुपा आहे, कारण तो हसवत नाही. या साधनांना हिंदी मराठीपेक्षा जास्त वाचायला मिळाली आहे, आणि लिपी एकच. त्यामुळे मराठी वाक्यात हिंदी अर्थाचे शब्द बेमालूम येऊन बसतात. "नियमात संशोधन करण्यात आले" असं येतं. आपल्याकडे संशोधन विद्यापीठात होतं, नियमात सुधारणा होते. हिंदीतली "शिक्षा" शाळेत मिळते, मराठीतली वर्गाबाहेर उभं करून. "राजीनामा" हिंदी कोर्टकचेरीत तडजोडीचा कागद असतो, आपल्याकडे तो दिला की नोकरी जाते. दोन पक्षांत राजीनामा झाला, असं एखाद्या आदेशात आलं तर वाचणारा चक्रावेल.

म्हणून चाचणी मराठीतच घ्या, आणि तीही तुमच्याच कार्यालयातल्या पन्नास जुन्या कागदांवर. विक्रेत्यानं इंग्रजीतले गुण दाखवले तर चहा पाजून परत पाठवा.

१४. नागरिकांसाठी चॅटबॉट लावायचा आहे. काय पाहावं?

न्यूयॉर्क शहरानं ऑक्टोबर २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी असा चॅटबॉट लावला. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी त्याला साधे प्रश्न विचारले. मालकानं कामगारांच्या टिपमधला वाटा घेतला तर चालतं, असं त्यानं सांगितलं. भाड्यासाठी सरकारी मदत मिळणारे भाडेकरू घरमालकानं नाकारले तरी चालतं, असंही सांगितलं. दोन्ही तिथे बेकायदा आहे, आणि हे सांगत होतं खुद्द सरकारच.

तुमच्या चॅटबॉटनं प्रत्येक उत्तराखाली मूळ शासन निर्णय आणि त्याची तारीख दाखवावी. दाखवता येत नसेल तर उत्तर न देता दूरध्वनी क्रमांक द्यावा. शासन निर्णय बदलला की चॅटबॉट कोण बदलणार, त्या माणसाचं पदनाम लिहून ठेवा. बहुतेक प्रकल्प इथेच मरतात : उद्घाटनाला मंत्री असतात, अद्ययावत करायला कुणी नसतं.

आणि एक सापळा. चॅटबॉट म्हणाला "तुम्ही पात्र नाही" आणि माणूस अर्ज न करताच परत गेला, तर काय? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील होतं. अर्जच आला नाही तर अपील कशावर करणार? म्हणून चॅटबॉटला पात्र-अपात्र बोलू देऊ नका. निकष सांगावेत आणि "अर्ज करा" म्हणावं.

१५. सल्लागार कंपनीनं एआय वापरून अहवाल दिला तर आम्हाला कळणार कसं?

करारात विचारलं असेल तर. ऑस्ट्रेलियाच्या रोजगार खात्यासाठी डेलॉइटनं सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर्सचा अहवाल केला. त्यातले काही संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातलं एक अवतरण खोटं निघालं. चुका खात्याला सापडल्या नाहीत, सिडनी विद्यापीठातल्या एका अभ्यासकाला सापडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुरुस्त प्रत आली, तिच्यात एआय वापरल्याचा उल्लेख आला, आणि कंपनीनं शेवटचा हप्ता परत केला.

निविदेत लिहून घ्या : एआय कुठे वापरलं ते पानावर सांगणं, आमची माहिती तुमच्या मॉडेलच्या प्रशिक्षणाला न वापरणं, वापराच्या नोंदी आमच्या ताब्यात देणं, करार संपल्यावर सगळं पुसल्याचं प्रमाणपत्र, आणि खोट्या संदर्भासाठी देयकातून कपात. शेवटची अट वाचून विक्रेता कुरकुरला तर समजा की अट बरोबर जागी लागली.

१६. पोलीस ठाण्यात तर एआय येतंच आहे. तिथे वेगळी काळजी काय?

महाराष्ट्रानं २०२४ मध्ये पोलिसांसाठी मार्व्हल ही संस्था नागपुरात उभी केली, आणि महाक्राइमओएस ही तपासाला मदत करणारी प्रणाली तिथल्या २३ ठाण्यांपासून राज्यातल्या सुमारे ११०० ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये झाली. सायबर गुन्ह्यांत बँकांना पत्रं पाठवणं, कागदांच्या ढिगातून नेमकं काढणं, यात तिचा खरा फायदा आहे.

मला भीती जबाबाची वाटते. फिर्यादी म्हणते, "त्यानं ढकललं मला, मी उंबऱ्यावर आपटले." यंत्र ते "नीट" करतं : "आरोपीने फिर्यादीस धक्काबुक्की करून दुखापत केली." उंबरा गेला. उलटतपासणीत तिला विचारतील, "धक्काबुक्की म्हणजे काय?" आणि ती म्हणेल, "असं मी बोललेच नव्हते." जबाब माणसाच्या शब्दांतच राहिला पाहिजे. यंत्रानं सुधारलेला असेल तर मूळ ध्वनिमुद्रण जपा.

न्यायालयांबाबत केरळ उच्च न्यायालयाचं जुलै २०२५ चं धोरण वाचण्यासारखं आहे. जिल्हा न्यायालयांत निष्कर्ष, आदेश किंवा निकालापर्यंत पोहोचण्यासाठी एआय वापरायचं नाही, मंजूर साधनंच वापरायची आणि प्रत्येक वापराची नोंद ठेवायची. मंत्रालयातल्या कुणी याची मराठी प्रत करून "न्यायालय"च्या जागी "प्राधिकारी" लिहिलं तरी निम्मं काम होईल.

१७. गोपनीय अहवाल किंवा विभागीय चौकशीचा मसुदा?

नको. सांगाडासुद्धा नको. ज्या माणसाबरोबर तुम्ही वर्षभर काम केलं त्याच्याबद्दलचे दहा वाक्यांचे शेरे स्वतःला सुचत नसतील, तर अडचण एआयची नाही.

१८. चुकून लाभार्थ्यांची यादी सार्वजनिक साधनात टाकली गेली. आता?

घाईनं संभाषण पुसू नका. आधी पडद्याचे फोटो काढा : काय टाकलं, केव्हा, कोणत्या खात्यातून. मग खात्यातून पुसा, आणि संभाषणं प्रशिक्षणाला वापरण्याची परवानगी सेटिंगमध्ये चालू असेल तर ती बंद करा. त्याच दिवशी वरिष्ठांना आणि माहिती तंत्रज्ञान कक्षाला लेखी कळवा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदवायच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. तुमची घटना त्यात बसते की नाही हे कक्ष ठरवील, तुम्ही ठरवत बसू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. डेटा फुटल्याची सूचना देण्याचं बंधन त्यांत आहे, आणि ते अधिसूचनेनंतर १८ महिन्यांनी लागू होतं.

प्रमुखांना विनंती : स्वतःहून सांगणाऱ्याला पहिल्या चुकीसाठी कारणे दाखवा नोटीस देऊ नका. दिलीत तर दुसरी चूक तुमच्या कानावर येणारच नाही.

१९. साहेबच चॅटजीपीटीवरून मसुदा पाठवतात आणि "टंकलिखित करून सादर करा" म्हणतात. मी काय करू?

हा प्रश्न विचारणारे बहुतेक सहायक कक्ष अधिकारी असतात आणि दर वेळी कुजबुजत विचारतात. वाद घालू नका, "हे एआयचं आहे" असंही म्हणू नका, सिद्ध करता येत नाही. जे कुठल्याही मसुद्याचं करायचं तेच करा : प्रत्येक संदर्भ उघडून बघा आणि सादर करताना शेवटी लिहा, "मसुद्यातील संदर्भ क्र. १, २ व ४ मूळ प्रतीवरून पडताळले. संदर्भ क्र. ३ संकेतस्थळावर आढळून आला नाही. आदेशार्थ सादर."

एका सहायकानं हे वाक्य लिहून फाईल वर पाठवली. खाली आली तेव्हा संदर्भ क्र. ३ वर निळ्या शाईची आडवी रेघ होती आणि बाजूला साहेबांची लघुस्वाक्षरी.